एकाच गाण्याचा गरबा

जनार्दन मोहित्यांनी सोसायटीत बिनधास्त ठोकून दिलं होतं, "माझ्या वरच्या मजल्यावरचा बँड जर्मनीत जाम गाजलाय!" खरं सांगायचं तर योनास आणि आंके, त्यांचे भाडेकरू, इथे संगीत शिकायला आलेले. बँड जमून महिनाही झाला नव्हता आणि येत होतं एकच गाणं. जर्मन लोकगीत, पण गिटार-व्हायोलिनवर नाना वळणं घेत पाव तास चालणारं. ढोलवाला नव्हता, म्हणून ढोल जनार्दनच्या गळ्यात.

तरसालीतल्या सोसायटीच्या त्या गरब्यात वाजवणारे मधोमध चौथऱ्यावर, बाकी सगळे खाली भोवती. आरतीपर्यंत फेर तुटायचा नाही. आजच्या पूजेचा मान पद्माचा, जनार्दनच्या बायकोचा. दुपारीच तिने दम भरला होता, "अहो, आज चेष्टा नको हं. माझ्या दिवशी फेर तुटला तर वर्षभर या बायका मला सोडायच्या नाहीत."

गाणं संपलं. योनास उठला आणि टाळ्यांसाठी कमरेत वाकला! फेर अडखळला. पुढे नाचणाऱ्या पद्माने असं काही बघितलं, की जनार्दनने योनासचा सदरा खाली ओढला.

"बस खाली, बाबा!"

"गाणं संपलं, काका."

"इथे संपत नसतं!"

"दुसरं येत नाही."

"मग तेच घे!"

"किती वेळा?"

जनार्दनने पळवाट शोधली. चारी बाजूंनी घागरेच घागरे. विहिरीत पडल्यासारखं झालं. पलीकडून सोसायटीचा सेक्रेटरी पीयूष गुजरातीत ओरडला, "काका, बंध ना करता! मजा आवे छे!"

दुसऱ्यांदा वाजवलं. तिसऱ्यांदा. आंके कंटाळून सूर वाकवायला लागली. चौथ्यांदा जनार्दनच्या मनगटात गोळा आला, ठोका चुकला. त्या फटीत तिने भलतीच तान घुसवली, आणि फेराने टाळ्या वाजवत ती उचलली. योनासचे डोळे चमकले. गाणं मूळचं राहिलंच नव्हतं.

एकदाची आरती झाली. घामाने निथळलेली पद्मा पाण्याचा तांब्या घेऊन वर आली.

"तुटला नाही," ती हसली.

जनार्दनने हुश्श करून ढोलाचा पट्टा सोडायला घेतला.

"काका, नको!" योनासने हात धरला. "आता सापडलंय. परत पहिल्यापासून!"

"अरे, मला उतरू दे..."

पद्मा तांब्या ठेवून केव्हाच खाली गेली होती. बायका पुन्हा गोल उभ्या राहिल्या, दोन पदरी, मग तीन पदरी. उतरायची पायरी दिसेनाशी झाली.

आंकेने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं.

जनार्दनने काठ्या उचलल्या.