पूजेतली कादंबरी

मी एक जुनी, जाडजूड कादंबरी आहे, मित्रांनो. माझ्या पोटात एक नाही, चार गोष्टी आहेत. पेणच्या गणपती कारखान्यातल्या रंगाऱ्याची, मिठागरावरच्या शांतीची, कंपनीत शिफ्ट करणाऱ्या तरुणाची आणि रोह्याच्या पुलापलीकडच्या अष्टमी गावातल्या नफिसाची. नफिसाचा नवरा आखातात. त्याच्याकडे कायमचं जावं की इथेच राहावं, हा तिचा प्रश्न. चारही गोष्टी अशा गुंतल्यात की एकीचं उत्तर दुसरीत सापडतं. वाचायला धीर लागतो.

रोह्याच्या एका वाचनालयात मी सुखात होते. कुणी मला एसटीत वाचलं, कुणी जेवताना. सुकटीच्या कालवणाचा डाग अजून माझ्या अंगावर आहे. मी त्याचा राग धरला नाही. मग अष्टमीच्या अजराने मला घरी नेलं. ती शिवणकाम करायची आणि तिचा नवरा फैजलही आखातात. "इकडंच ये," म्हणून त्याचे सारखे फोन. नफिसाची पानं ती श्वास रोखून वाचायची. शेवटच्या प्रकरणापाशी तिने खुणेला हिरवा दोरा घातला आणि तेवढ्यात वाचनालयाने मला परत मागवलं. माझ्यावर सिनेमा निघाला होता!

वाचनालयाचे अध्यक्ष पुंडलिकशेठ यांचा आनंद गगनात मावेना. त्यांनी मला पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. शेजारी सिनेमाचं पोस्टर. लोक यायचे, हात जोडायचे, पोस्टरसोबत फोटो काढायचे. वाचायला मात्र कुणी मागेना.

सिनेमाबद्दल मला काही म्हणायचं नाही. छे, म्हणायचंच आहे! अडीच तासांत चार गोष्टी मावत नाहीत, हे मला कळतं. उन्हातलं मिठागर पडद्यावर माझ्या शब्दांपेक्षा देखणं दिसलं, असंही ऐकलं. पण गोष्ट उरली एकच, त्या तरुणाच्या प्रेमाची. रंगारी गायबच. शांती गाण्यात मागे उभी. नफिसा नायकाला चहा देते आणि आत जाते, ती जातेच.

सिनेमा बघून अजरा तडक वाचनालयात आली.

"प्रविणभाऊ, ती कादंबरी द्या ना. शेवटचंच राह्यलंय."

"पिक्चर बघितलास ना गो?" ग्रंथपाल प्रविण म्हणाला. "तोच तर हाय."

"त्यात नफिसाचं कायच नाय. मला फैजलला व्हय का नाय ते सांगायचंय."

"शेठ बोलतात, पूजेतलं पुस्तक हाय. हलवायचं नाय."

ती अधूनमधून काचेपाशी येऊन उभी राहायची. आत मी गुदमरत होते. पावसात मागची भिंत ओलावली आणि वाळवी फळीवर चढली. मला ओरडायचं होतं, पण पुस्तकाचं ओरडणं कोणाला ऐकू येतं?

गणपती झाल्यावर शेठांच्या पत्नी चंद्रावतीकाकू वाचनालयात आल्या. त्यांचं माहेर पेणचं, गणपती कारखान्यातलं. अजराचं गाऱ्हाणं ऐकून त्या शेठांवर उखडल्या.

"अवो, आमच्याकडं एवढे गणपती घडतात, एक तरी कोण कोंडून ठेवतो? पूजा मांडलीत, मग उत्तरपूजा कोण करील? बाप्पा पण दीड दिसात हलतो!"

शेठांनी कुलूप काढलं. काकूंनी माझ्यावर अक्षता वाहिल्या आणि मला बोटभर सरकवलं. पूजा संपली. सुटले!

अजराने मला छातीशी धरून पूल ओलांडला. घरी दोरा धरून पान उघडलं, तर मातीचा भुगा तिच्या मांडीवर सांडला. शेवटचं प्रकरण वाळवीने फस्त केलं होतं. माझी दुसरी प्रत आता कुठे मिळत नाही. ती बराच वेळ भुगा चाचपत राहिली, मग तिने फैजलला फोन लावला.

"नफिसाचं काय झालं ते वाळवीनं खाल्लं. आता आपलं आपणच ठरवू. घाई नको करूस."

मित्रांनो, पुस्तकावर माया असेल तर त्याला नुसतं पुजून ठेवू नका. उघडा, ऊन दाखवा. कालवण सांडलं तरी चालेल. अजरा आता मला पहिल्या पानापासून वाचते आहे, चारही गोष्टी, उत्तर कुठेतरी अडकलं असेल म्हणून. तिच्याबरोबर मीही शोधते आहे. कारण ती पानं गेली, तशी माझ्यातूनही गेली. नफिसा गेली की राहिली, हे मला आता आठवत नाही.