सम्राटाची खोलगट मोहोर

मित्रांनो, मला पाहिलंत तर वाटेल, कुणाचा तरी पाय पडून मी वाकले आहे. पण मी जुनी सोन्याची मोहोर जन्मापासूनच बशीसारखी खोलगट आहे. साडेआठशेहून जास्त वर्षांपूर्वी कॉन्स्टँटिनोपलच्या टांकसाळीत मला घडवलं. तिथे बायझंटाईन सम्राट मॅन्युएल कोम्नेनोस राज्य करत होता. माझ्या बाहेरच्या अंगावर येशू आहे आणि आतल्या खोलगटात सम्राट उभा आहे.

मॅन्युएलच्या चहूबाजूंना राजे होते. कुणाशी सोयरीक, कुणाशी तह, कुणावर स्वारी, असं त्याचं चाले. जर्मनांशी मैत्री राहावी म्हणून त्याने त्यांच्याकडची मुलगी केली. तुर्कांचा सुलतान भेटीला आला तेव्हा त्याला मेजवान्या दिल्या, वर भरघोस नजराणा दिला. त्या नजराण्यात मी होते. काही वर्षं तलवारी म्यानात राहिल्या, याचं मला अजून समाधान वाटतं. पुढे त्याच सुलतानाशी डोंगराच्या खिंडीत लढून मॅन्युएल हरला. तोवर मी हात बदलत गलबतावर चढले होते.

बंदरं फिरत मी कोकणात पोचले, आणि आता मालवणात कॉन्स्टान्सियो आणि पिएदाद या ख्रिस्ती जोडप्याच्या घरी असते. घरातली नवरी पुतळ्यांची, म्हणजे सोन्याच्या नाण्यांची माळ घालते, त्या माळेत मी मधली. यंदा त्यांच्या लेकीचं, वेनेसाचं लग्न ठरलं. माळ गळ्याशी सपाट बसावी म्हणून पिएदाद नवऱ्याला आणि लेकीला घेऊन भाई सोनारांकडे गेली.

"भाईनू, हिका ठोकून सरळ करा. ह्यांच्या आज्यान चावून वाकडी केल्यान."

"माझ्या आज्याक दात खंय होते गो? तो पेज जेवणारो!" कॉन्स्टान्सियो म्हणाला.

भाईंनी मला ऐरणीवर ठेवून हातोडी उचलली. एका घावात सम्राटाचा चेहरा पुसला गेला असता. मग मी कुठली, हे कुणालाच कळलं नसतं. पण घाव कुठे घालावा ते बघायला भाईंनी भिंग डोळ्याला लावलं.

"जरा रवा. चावून वाकली आसती तर ह्या माणसाचे पाय मोडले आसते. ह्यो तर ताठ उभो आसा. हिका घडवल्यानी अशीच!"

"मगे तशीच ओवा," वेनेसा म्हणाली. "माका टोचली तरी चलात."

भाईंनी हातोडी बाजूला ठेवली. मित्रांनो, जुनी वस्तू वाकडी दिसली, तर ठोकण्याआधी ती नीट निरखून बघा.

लग्नात फोटोवाला म्हणाला, "मधली पुतळी जरा सरळ करा."

वेनेसा हसली. "ती सरळच आसा."