नुकसानबाई

विमा कंपनीत ती नुकसानीचे फोटो काढायची. जळालेल्या मोटारी, भिजलेली पोती, छत कोसळलेली गोदामं. बावीस वर्षं हेच. फोटो क्लबात तिला सगळे नुकसानबाई म्हणत. ती हसून ओ द्यायची, पण ते नाव तिला झोंबायचं. कारण रविवारी कॅमेरा घेऊन ती निघायची, ती दवबिंदू, पाखरं आणि मावळता सूर्य शोधायला. दरवर्षी क्लबाच्या स्पर्धेला बारा फोटो द्यायची आणि दरवर्षी बाराच्या बारा परत यायचे.

त्या वर्षी पाकिटात ऑफिसचा एक फोटो चुकून गेला. पुराचं पाणी शिरलेलं बुटांचं दुकान होतं ते. चिखलाने भरलेले शेकडो बूट, आणि अगदी कडेला, वरच्या फळीवर, दुकानदाराचा कोरडा जेवणाचा डबा. परीक्षक म्हातारा आणि फटकळ होता. निकाल लागल्यावर त्याने तिला बाजूला घेतलं.

"हा कोणी काढला?"

"मीच. ऑफिसचा आहे. चुकून आला."

"बाकीच्या अकरांत तुम्ही कुठेच नाही," तो म्हणाला. "ते कुणीही काढले असते. तुम्ही आहात त्या या एका फोटोत."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षं रविवार खर्ची घातले, ते काय हे ऐकायला? तरी दुसऱ्या दिवशी तिचे पाय आपोआप रेकॉर्डरूमकडे वळले. आठ वर्षांहून जुन्या फायली केव्हाच रद्दीत गेल्या होत्या. उरलेले फोटो कंपनीच्या मालकीचे. बघा, पण न्यायचे नाहीत, असं कारकुनाने सांगितलं.

आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत ती ते बघत बसली. फोटो सगळे सरळ समोरून, भर दुपारच्या उजेडात काढलेले. आणि प्रत्येकात कडेला काहीतरी शाबूत. काचेचा पेला, घडी घातलेला टॉवेल, भिंतीवरचा आरसा. यावरून साहेबांनी तिला कितीदा तरी झापलं होतं. जे मोडलं नाही त्याचे पैसे आपण देत नाही, मग ते फोटोत कशाला? ती चुकलं म्हणायची आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच करायची. आपली नजर दरवेळी तेच शोधते हे तिला बावीस वर्षांत कळलं नव्हतं. कळलं तेव्हा त्यातले बहुतेक फोटो लगदा होऊन गेले होते.

त्यानंतर तीन महिन्यांनी तिच्या दादाचा शिवणकामाचा कारखाना जळाला.

ती धावतपळत पोचली. वहिनी दारात स्टुलावर बसून होती. आत दादा कापड कापायच्या काळ्या पडलेल्या टेबलाशी उभा होता. गळ्यात मोजायची टेप, अंगात स्वच्छ शर्ट. आगीची बातमी कळली तेव्हा तो आंघोळ करून कामावरच निघाला होता. शाळेच्या गणवेशांचे अर्धवट शिवलेले गठ्ठे कोळसा झाले होते. तिने त्याला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. मग चार पावलं मागे सरली आणि तिला ते दिसलं. सगळं जळलेलं, आणि कडेला शाबूत उभा असलेला दादा.

तिने कॅमेरा काढला.

"कशाला काढतेस?" दादाने विचारलं.

"विम्याला लागतील."

हे खोटं होतं. त्याचा विमा दुसऱ्या कंपनीचा होता आणि त्यांचा माणूस सकाळीच फोटो घेऊन गेला होता. दादाला ते माहीत होतं, पण ही आपली बहीण, यातली जाणकार, असं समजून त्याने तिला फोटो काढू दिले. मध्येच त्याला रडू फुटलं. तिने कॅमेरा खाली घेतला नाही.

क्लबाच्या प्रदर्शनात तिचे त्या कारखान्यातले आठ फोटो लागले. परीक्षक प्रत्येकापुढे बराच वेळ थांबला. लोक तिला नावाने हाक मारू लागले. दादाला तिने फक्त प्रदर्शन आहे एवढंच सांगितलं होतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून, वहिनीला घेऊन, कौतुकाने आला. तोंड वासून रडणाऱ्या स्वतःपुढे तो उभा राहिला तेव्हा शेजारी दोन अनोळखी माणसं उजेडाबद्दल बोलत होती.

"विम्याला लागतील म्हणालीस," तो हळू म्हणाला.

ती फोटो उतरवते म्हणाली.

"राहू दे. चांगला आलाय." आणि तो वहिनीच्या पुढे भराभरा चालत निघून गेला.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. तिने केले तर वहिनी उचलायची आणि ते कामात आहेत म्हणायची. कारखाना पुन्हा सुरू झाल्याचं तिला शेजाऱ्यांकडून कळलं. ती न बोलावता गेली. दादाने खुर्ची दिली, चहा मागवला, दोन नव्या मशिनी दाखवल्या. सगळं नीट चाललं होतं. बोलता बोलता तिने रुमाल काढायला पर्समध्ये हात घातला, तसा दादा उठला आणि कापडाच्या गठ्ठ्यांआड जाऊन उभा राहिला.

"त्यांचं मनावर घेऊ नका, वन्सं," वहिनी म्हणाली. "पण परत येताना आधी कळवा. म्हणजे ते बाहेर जातील."

तिने चहा संपवला आणि निघाली. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शहरात तिचं प्रदर्शन होतं आणि तिथे पहिला कोणता फोटो लावायचा, हे तिचं आधीच ठरलेलं होतं.