वाफेच्या नळीवरचा काळा डाग

वीजघराचे मोठे साहेब, ताता म्बांगी, येणार म्हणून प्राध्यापक न्दलेबे सरांनी सकाळपासून प्रयोगशाळा डोक्यावर घेतली होती. साहेबांच्या वीजघरातली वाफेची नळी आतून उसवत चालली आहे, असं आमच्या झुकिस्वाचं म्हणणं. ते पटलं तर नळी बदलणार. नाहीतर ती फुटेपर्यंत चालवणार. त्या नळीपाशी झुकिस्वाचा भाऊ पाळीवर असतो. प्रबंध बाजूलाच, पोरीची झोप उडाली होती ती त्यामुळे.

नळीचा तुकडा तिने घासून घासून इतका पातळ केला की मधोमध भोक पडलं. भोक पडलं की आमच्याकडे आनंद होतो. त्याच्या काठावर धातू एवढा विरळ असतो की इलेक्ट्रॉन आरपार जातात आणि पडद्यावर त्याच्या आतलं चित्र उमटतं.

"हा तुकडा सूक्ष्मदर्शकात मीच बसवतो," सर म्हणाले. पाहुण्यांसाठी तळून आणलेले पिठाचे गोळे, आमाग्विन्या, त्यांनी आधीच चाखून बघितले होते.

"सर, हातमोजे?" झुकिस्वाने विचारलं.

"अगं, तुझ्या जन्माआधीपासून बसवतोय!"

त्यांनी बसवला, इलेक्ट्रॉनांचा झोत नेमक्या चांगल्या जागेवर रोखला आणि चहाला गेले. झोत एका जागी थांबला की आसपासचं तेलकट सगळं तिथे गोळा होऊन काजळतं. साहेब आले तेव्हा पडद्यावर गोल, काळाकुट्ट डाग होता.

"अरे देवा, केवढा हा रोग!" ताता म्बांगी खुर्चीवरून उठलेच.

सरांनी घसा साफ केला. "हो... तसं गंभीरच आहे."

झुकिस्वाने माझ्याकडे बघितलं. माझा गुरुवारचा उपास, तळणाला मी हातही लावला नव्हता, तेव्हा माझ्या बोटांवर आळ घालायचीही सोय नव्हती. ती गप्प बसली तर नळी बदलली जाणार होती. मी मनात प्रार्थना सुरू केली, पण मागायचं काय, ते ठरेना.

"ताता, हा रोग नाही. सरांच्या बोटांचं तेल आहे. नाश्त्याचं."

सर छत न्याहाळू लागले.

"म्हणजे तळणाच्या तेलावर तू मला वीजघर बंद करायला लावणार होतीस?"

"ते तेल झालं. आता नळी बघा." तिने नमुना जरासा सरकवला. धातूच्या कणांच्या कडेकडेने बारीक भोकांची रांग दिसली. "ही एकमेकांना मिळाली की नळी फाटते. तिथे माझा भाऊ उभा असतो."

ताता बराच वेळ वाकून बघत राहिले. "हे होय? हे तर धड दिसतही नाही. मघाचा डाग कसा मनात भरला होता!"

"नुसत्या डोळ्यांना दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल, ताता."

त्यांनी सुस्कारा सोडला. "बदलतो नळी. पण आमच्या मंडळाला दाखवायला फोटो मात्र त्या डागाचा दे, पोरी. ही भोकं बघून तिथे कोणी घाबरायचं नाही."

"नळी नक्की बदलणार ना?"

"म्हटलं ना, बदलतो."

झुकिस्वाने क्षणभर ओठ चावला. मग नमुना परत मागे सरकवला आणि डाग पडद्याच्या बरोबर मधोमध आणला.