हनुवटीची शिवण

भिंगरीचा पाय एका जागी ठरत नसे, म्हणून तर तिचं नाव भिंगरी पडलं. तीच पोर आज दवाखान्याच्या खुर्चीत दोन्ही हातांनी हनुवटी घट्ट धरून मुकाट बसली होती, आणि तिच्या आईला काही सुचत नव्हतं.

झालं होतं असं, की मागच्या आठवड्यात पायरीवरून पडून भिंगरीची हनुवटी फाटली आणि डॉक्टरांनी टाके घातले. ते आज काढायचे, तर बाईसाहेब हात बाजूला करतील तर शपथ! नर्सने गोड बोलून पाहिलं, दटावून पाहिलं. शेवटी म्हणाली, आपण दोघी मिळून हिला धरू या. आईला ते नको होतं. एकदा जबरदस्ती केली, की ही पोर पुन्हा आपल्यावर विश्वास ठेवायची नाही, याचीच तिला धास्ती.

"दुखेल म्हणून घाबरतेस का गं?"

"नाही. उसवेल."

आता आई पडली शिवणकाम करणारी. पोर वाढली ती मशीनखाली, चिंध्यांच्या ढिगात. दोरा ओढला की बाही गळून पडते, हे तिने रोज पाहिलेलं. त्यात परवा बयेने खात्रीही करून घेतली होती. शिवलेल्या दोन चिंध्या आपोआप जुळतात का बघायला रात्रभर उशीखाली ठेवल्या आणि सकाळी दोरा काढला. चिंध्या सुट्या त्या सुट्याच. कापड वेगळं आणि कातडी वेगळी, असं आईने समजावलं खरं, पण वेगळी म्हणजे कशी, या प्रश्नावर तीच अडकली. कापडातल्या बाईला कातडीचं काय कळणार, कपाळ!

मग तिने कॉलरला खोचलेली, दोरा ओवलेली सुई काढली.

"एकच टाका काढू. उसवलं, तर मी इथल्या इथे शिवते. माझी शिवण कधी उसवलीय?"

भिंगरीने विचार केला. ते मात्र खरं होतं. तिने हात खाली घेतले. नर्सने हसू दाबत कात्री लावली. एक टाका निघाला, मग दुसरा, मग सगळेच. भिंगरीने तोंड उघडून पाहिलं, मिटून पाहिलं, बोटाने चाचपून पाहिलं. हनुवटी जागच्या जागी होती.

"आतून कोणी शिवलं?"

"तूच."

भिंगरीने संशयाने आईकडे पाहिलं. "मला तर सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही."

नर्स खो खो हसली. आई मात्र त्या गुलाबी रेघेकडे बघतच राहिली. इतकी बारीक शिवण तिला उभ्या जन्मात जमली नव्हती.