मी गेलो, तो आत राहिला

मित्रांनो, मी एक जुना पासवर्ड आहे. एका मोठ्या रुग्णालयाच्या डेटाबेसच्या दारावर माझी नेमणूक होती. डेटाबेस म्हणजे रुग्णांच्या माहितीची कोठी. कुणाला कोणतं औषध द्यायचं आणि कोणतं चुकूनही द्यायचं नाही, ते सारं तिथे.

तळमजल्यावरच्या गार खोलीत दादांनी मला घडवलं. ते तिथले सर्वांत जुने संगणकवाले. "असला अवघड केलाय, की मीच विसरेन!" असं म्हणून ते हसले. माझं कौतुक झालं. मग हळूहळू मी सगळ्यांच्या तोंडी झालो. औषधांच्या खिडकीचा प्रोग्रॅम मला सांगून आत जाई, तपासणीच्या खोलीचाही. नोकरी सोडून गेलेले लोक मला सोबतच घेऊन गेले. चालतंय ना, मग कशाला हात लावा, म्हणून कुणी मला बदललं नाही.

एका दुपारी कुणी परका मला सांगून दारात उभा राहिला. हा आपल्यातला नव्हे, हे मी ओळखलं. पण पासवर्डला नाही म्हणता येत नाही. तो आत गेला आणि दबा धरून बसला.

लवकरच एका रुग्णाची नोंद बदललेली सापडली. आमच्या संगणकखोलीच्या प्रमुख ताई दादांकडे धावत आल्या.

"दादा, आत्ताच्या आत्ता बदला तो पासवर्ड! माझे बाबा वर ॲडमिट आहेत. एक औषध त्यांच्या जिवावर उठतं, आणि ती नोंद याच कोठीत आहे."

"अगं, दम धर. एकदम बदलला तर औषधांची खिडकीच बंद पडेल. आधी नवा वापरकर्ता करू, म्हणजे कोठीत नव्या नावाचं खातं, त्याला नवा पासवर्ड देऊ, एकेक प्रोग्रॅम तिकडे हलवू. मग या म्हाताऱ्याला निरोप."

"निरोपसमारंभ लवकर उरका म्हणजे झालं!"

दादांनी सगळं नीट केलं. एकेक प्रोग्रॅम हलवला, चालवून पाहिला. ताईंनी बाबांची नोंद पाहिली, ती शाबूत होती. मग मला रद्द केलं. "सुटलो एकदाचे," म्हणत ताई बाबांकडे वर गेल्या.

मित्रांनो, पासवर्ड विचारतात तो दारात. आत शिरून बसलेल्याला पुन्हा कुणी विचारत नाही. त्याला हुडकून, हात धरून बाहेर काढावं लागतं. तेवढंच राहिलं. मी ओरडलो, पण रद्द झालेल्याचं कोण ऐकतो?

म्हणून सांगतो, पासवर्ड वेळेवर बदला, जपून बदला, पण बदलून झाल्यावर आत कोण बसलंय ते आधी बघा.

आत त्यानं आताच ताईंच्या बाबांचं पान उघडलं. एक ओळ पुसली. आणि औषधांच्या खिडकीनं रोजच्यासारखं विचारलं, "या रुग्णाला हे औषध चालेल का?"

कोठीनं उत्तर दिलं, "चालेल."