कोठीच्या पायरीवर अकरा शनिवार

मी माशाच्या तेलाची बाटली बोलतेय. मनात राग धरून बोलतेय, तेव्हा माझ्याकडून गोड काही ऐकायला मिळणार नाही.

थंड समुद्रातल्या माशांचं तेल पिवळ्याधमक कॅप्सूलमध्ये भरलं, त्या माझ्या पोटात घातल्या आणि मला जहाजावर चढवलं. देशाचा बाजार नुकताच खुला झाला होता. परदेशी लेबल दिसलं की हैदराबादची माणसं वाट वाकडी करून बघायला यायची. तिथल्या कोठी भागात, प्रतापरावांच्या औषधांच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात मी जाऊन बसले.

प्रतापराव डॉक्टर नव्हते. पांढरा कोट मात्र घालायचे.

संघपाल मूळचा नांदेडकडचा, टेलिफोन खात्यात नोकरीला, बिऱ्हाड अंबरपेठेत. मोठ्या आतड्याला सूज, शौचावाटे रक्त जायचं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दोन वर्षं सगळं आटोक्यात होतं. पण गोळ्या जन्मभर घ्यायच्या, याचाच त्याला वीट आला होता, म्हणून तो या दुकानात आला.

"कायकू डरते साहब?" प्रतापराव म्हणाले. "फॉरेनला सगळे हेच घेतात. त्या गोळ्या आतडी जाळतात." आणि पेनानं माझ्या लेबलवर लिहून दिलं, 'रोज सहा. बाकी औषध बंद.' खाली सही.

माझ्यावर परदेशात प्रयोग झाले होते, हे खरं. कुठं थोडी आशा दिसली, कुठं काहीच नाही. पण गोळ्या फेकून मला घ्या, असं कुठल्या शहाण्या डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडी खोटं घातलं, ते याच माणसानं.

संघपालची बायको शिवानी जामबागच्या शाळेत शिकवायची. "अहो, डॉक्टरांना एकदा विचारा तरी," ती म्हणाली.

"ते कशाला कबूल करतील?" तो हसला.

सहाव्या आठवड्यात रक्त पुन्हा सुरू झालं. तो दुकानात धावला. "घाण निघतेय, निघू दे," प्रतापरावांनी सांगितलं. आठ दिवसांनी तो बाथरूमच्या दारातच कोसळला. मोठं आतडं काढावं लागलं. आता मळासाठी पोटाला कायमची पिशवी.

"तेलानं नाही बिघडलं, बाई," डॉक्टर शिवानीला म्हणाले. "गोळ्या सोडल्या म्हणून बिघडलं."

मला वाटलं, ही मला गटारात भिरकावणार. तिनं मला पर्समध्ये घातलं आणि शनिवारी शाळा सुटल्यावर थेट प्रतापरावांच्या पायरीवर जाऊन बसली. येणाऱ्या प्रत्येकापुढे मला धरायची. "हे वाचा. माझ्या मिस्टरांना लिहून दिलं होतं. त्यांचं आतडं गेलं. आता आत जायचं तर जा."

माणसं वाचायची, चपला तशाच उलट्या वळवायची. मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

"पोलिसांना बोलावतो!" प्रतापराव गरजले.

"बोलवा ना. त्यांनाही वाचायला देते."

अकराव्या शनिवारी ते कोट न घालता बाहेर आले आणि त्यांनी हात जोडले. "ताई, बालबच्चेवाला आदमी हूँ. माफ करा."

"माझी कशाला मागता? घरी चला."

संघपाल खाटेवर पडला होता. त्यानं सदरा वर केला. प्रतापरावांनी मान खाली घातली.

"वर बघा," शिवानी म्हणाली.

त्यांनी बघितलं आणि ते रडायला लागले.

"रडू नका," संघपाल क्षीण आवाजात म्हणाला. "पुढच्या गिऱ्हाइकाला काय सांगणार, तेवढं बोला."

प्रतापरावांनी डोळे पुसले आणि दाराकडे बघितलं.

"कळलं," शिवानी म्हणाली आणि तिनं दार उघडून धरलं.

महिन्याभरात दुकानाला कुलूप लागलं. आता माझ्यातल्या उरल्या कॅप्सूल एकमेकींना चिकटल्यात, तेल खवट झालंय, झाकण उघडलं की घरभर वास सुटतो. परवा कळलं, प्रतापरावांनी सिकंदराबादेत नवं दुकान थाटलंय. शिवानीनं बस कुठली, ते विचारून ठेवलंय. माफी त्यांना तिनं दिली नाही. मीही देणार नाही.

एकच विनंती आहे. आम्ही तिथं जाऊन येईपर्यंत मला कुणी कचऱ्यात टाकू नका.